काटा नव्हताच

कोल्हापुरातल्या निम्म्या लोकांनी माझा आवाज ऐकलेला असेल, पण रस्त्यात मला कुणी ओळखणार नाही. साड्यांच्या सेलची रिक्षा गल्लीतून फिरते, तिच्या भोंग्यात मी असते. बँकेत फोन लावल्यावर "कृपया प्रतीक्षा करा" म्हणत तुम्हाला ताटकळत ठेवणारीही बहुतेक वेळा मीच. त्याआधी बरीच वर्षं रेडिओवर निवेदन केलं. तिथून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता हा आवाज फक्त भाजीवाल्याशी घासाघीस करायला उरला. पण मधल्या काळात लोक गोष्टी कानाने वाचू लागले. गाडी चालवताना, भाकऱ्या थापताना, मशिनवर उभं असताना कानात कुणीतरी गोष्ट सांगत असतं. गेली काही वर्षं ते कुणीतरी म्हणजे मी आहे.

हे काम बाहेरून फार सोपं दिसतं. समोर कागद, पुढ्यात माइक, वाचायचं. राजारामपुरीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर इरफानचा स्टुडिओ आहे. इरफान म्हणजे माझा ध्वनिमुद्रक, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. तिथल्या ज्या खोलीत बसून मी वाचते ती कपड्यांच्या कपाटापेक्षा थोडीच मोठी. भिंतींना स्पंज, पंखा बंद, कारण पंख्याचा वारासुद्धा माइकला ऐकू जातो. रिकामं पोट गुरगुरतं आणि भरलं पोट वेगळंच बोलतं, म्हणून खाणंपिणं बेताचं. तोंड कोरडं पडलं की जिभेचा चटचट आवाज येतो, त्यावर उपाय म्हणून हिरव्या सफरचंदाची फोड. पण खरा शत्रू म्हणजे श्वास. वाक्य म्हणायच्या आधी माणूस श्वास घेतोच आणि माइक तो सोडत नाही. इरफानचं निम्मं काम माझे श्वास कापण्याचं. तो एकदा म्हणाला होता, "ताई, तुमचे कापलेले श्वास साठवून ठेवले असते तर एक अख्खी बाई झाली असती." मी हसले. घरी जाताना मात्र ते वाक्य नकोसं वाटत राहिलं.

या गोष्टी ऐकवणाऱ्या कंपनीसाठी मी पहिल्यांदा वाचली ती एका सज्जन डॉक्टरची मालिका होती. गरिबांसाठी झटणारा, रात्रीचा दिवस करणारा, कधी कुणावर न चिडणारा. मी जीव ओतून वाचली. लोकांनी दोन-चार भाग ऐकले आणि सोडून दिली. मग पुण्याच्या मानसी नावाच्या मुलीने लिहिलेली 'भागू वैदीण' आली. भागू एका डोंगराकडच्या गावातली. बाळंतपणं करते, हाडं बसवते, पाल्याचं औषध देते. हात गुणाचा, पण मनाचा भरवसा नाही. एखाद्याचा ताप उतरवताना त्याच्या तोंडून बरळलेलं सगळं ऐकून ठेवते आणि पुढे कधीतरी वापरते. एका बाईला मूल होऊ देते, दुसरीला होऊ देत नाही, आणि का ते सांगत नाही. मानसीने ती कोल्हापूरच्या बोलीत लिहिली होती, म्हणून पुण्यामुंबईचे आवाज सोडून माझ्याकडे आली. रेडिओत लागले तेव्हा वरिष्ठांनी माझ्या तोंडातलं हाय-न्हाय खरवडून काढलं होतं. म्हातारपणी तेच पोट भरायला परत उपयोगी पडलं, याचा मला थोडा गर्व आहे.

भागूवर लोक तुटून पडले. आधी मला वाटलं, बोलीमुळे. नंतर लक्षात आलं की तसं नाही. आपण सगळे कधी ना कधी दवाखान्यातल्या त्या अरुंद बाकावर आडवे झालेलो असतो. वर दिवा, शेजारी औषधाचा वास आणि आपल्यावर वाकलेला एक चेहरा. तो चेहरा "काही होणार नाही" म्हणतो, आणि आपण मान डोलावतो. त्याच्या मनात त्या क्षणी काय चाललंय हे आपल्याला कधीच कळत नाही. सज्जन डॉक्टरच्या गोष्टीत ते दार बंदच राहतं. भागूच्या गोष्टीत ते फटीएवढं उघडतं, आणि आत जे दिसतं ते बघून अंगावर काटा येतो, तरी नजर हलत नाही. शिवाय आणखी एक. प्रत्येकाच्या आयुष्यात एखादा माणूस असतो, जो आजारी पडला तर आपण देवाकडे नेमकं काय मागू याची आपल्यालाच भीती वाटते. भागू ते आपल्याऐवजी मागते.

एकदा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीने मला सुरक्षेच्या सूचना रेकॉर्ड करायला बोलावलं. हातमोजे घाला, भट्टीजवळ चष्मा लावा, असं. मी माझ्या बँकेच्या आवाजात वाचलं. ते वर्कशॉपमध्ये लावलं तेव्हा एकाही कामगाराने मान वर केली नाही. मॅनेजर खट्टू झाले. मग त्यांनीच सुचवलं की ते भागूच्या आवाजात म्हणून बघा. मी म्हटलं, साधंच, "हात संभाळ रं बाबा. गेलेला हात मला परत लावता येत न्हाय." ते लावलं आणि ओतकामावरचे सगळे जागच्या जागी थांबले. बऱ्याच जणांनी मागे वळून पाहिलं. त्यातला एक वयस्क कारागीर नंतर माझ्याकडे आला, हात पुसत म्हणाला की आवाज चांगलाय, पण हितं नका लावू. मी कारण विचारलं. "कानात ऐकतोय तवा गोष्ट वाटती. हितं भट्टीजवळ ऐकलं की कोण तरी मागं उभं हाय असं वाटतंय." मॅनेजरांनी शेवटी बँकेचा आवाजच ठेवला.

आता ज्या दिवसामुळे हे लिहायला बसले, तो दिवस.

मालिका शेवटाकडे आली होती. त्या भागात गावातल्या एका दुष्ट माणसाला साप चावतो आणि भागूला बोलावणं येतं. या माणसाने बायकोला मारून मारून अर्धी केलेली, आणि तिला दर वेळी बरी करणारी भागूच. भागू निघते, पण ओढ्याला पाणी आल्यामुळे अडकते, पोचायला उशीर होतो आणि माणूस मरतो. ओढा पार करता आला असता की नाही, हे मानसीने मोघम ठेवलं होतं. भाग चांगला होता. सकाळची वेळ, खालून पावाचा खरपूस वास येत होता, घसा साफ होता. मी एका दमात वाचत गेले. वाचून संपलं तेव्हा काचेपलीकडून इरफानचा आवाज हेडफोनमध्ये आला.

"ताई, स्क्रिप्टात काटा न्हाय."

मी विचारलं, कसला काटा. तो म्हणाला, तुम्ही म्हणालात तो. मी काही जास्तीचं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. त्याने मागे जाऊन ऐकवलं. भागू गावाबाहेर पडते, बांधावरून चालते, आणि मग माझाच आवाज, थोडा खालच्या पट्टीतला, थोडा थकलेला, म्हणतो, "पायातला काटा काढाय बसले. काटा नव्हताच." त्यानंतर पुन्हा ओढा, पाणी, लिहिलेलं सगळं.

वाचताना शब्द इकडचे तिकडे होतात. कधी 'आणि'चं 'पण' होतं, कधी एखादा शब्द गळतो. पण कागदावर नसलेलं पूर्ण वाक्य आजवर माझ्या तोंडून कधी आलं नव्हतं. मी कागद तपासला. इरफानने मात्र वेगळंच काहीतरी तपासलं. पडद्यावर आवाजाची उंचसखल रेघ असते, तिच्यात श्वास बारीक गवतासारखा दिसतो. माझ्या प्रत्येक वाक्याआधी ते गवत असतं. त्या वाक्याआधी रेघ सपाट होती. इरफानने ती जागा मोठी करून दाखवली, आणखी मोठी करून दाखवली. काहीच नव्हतं.

"श्वास न घेता कसं म्हणालात?" त्याने विचारलं. मी म्हटलं, घेतला असेल माइकपासून लांब. त्याने मान डोलावली. आम्ही दोघांनीही त्यावर विश्वास ठेवला नाही.

मी मानसीला फोन करून सगळं सांगितलं आणि ते वाक्य काढून टाकू का विचारलं. तिने ऐकलं आणि म्हणाली की ठेवा. ओढ्यापेक्षा हे खरं आहे. तिच्या मनात असं काही होतं का, कधी आपल्या बोलण्यात आलं होतं का, असंही मी विचारून घेतलं. नव्हतं.

तो भाग बाहेर पडला आणि लोकांनी त्या दोन वाक्यांचं काय काय केलं. कुणी ती मोबाईलच्या रिंगटोनला लावली, कुणी त्यावर वाद घातले. एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणारे गृहस्थ सभ्य, शांत आवाजाचे. त्यांनी नाव सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की मी सर्जन आहे, बरीच वर्षं ऑपरेशनं करतो. तो काट्याचा भाग मी पुन्हा पुन्हा ऐकतो, म्हणाले. मी आभार मानले. मग ते म्हणाले, "का ऐकतो ते विचारू नका," आणि फोन ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी प्रकाश नावाचा एकजण आला. स्टुडिओच्या जिन्यात हेल्मेट हातात धरून उभा होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशिनवर काम करतो, गाव नेसरी, वय तिशीच्या पुढे. इरफानने त्याला पाणी दिलं. ते न पिता त्याने सांगायला सुरुवात केली. त्याची आजी, शेवंताक्का, नव्वदीला टेकलेली. उभ्या हयातीत पंचक्रोशीतली बाळंतपणं तिने केली. साप-विंचवावर ती रानातली मुळी उगाळून द्यायची. आता दृष्टी गेली, म्हणून टीव्हीचा उपयोग नाही, म्हणून प्रकाशने मोबाईलवर तिला माझी मालिका लावून दिली. सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून ऐकायचे. आजीला भागू भारी आवडायची. चुकली की शिव्या द्यायची, मुळी चुकीची सांगितली की हसायची. आणि काट्याचा भाग लागला तेव्हा तिने हाताने चाचपत मोबाईल उलटा घातला आणि बंद कर म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने जेवण सोडलं. पाणी घ्यायची, तेही कुणी बळेच पाजलं तर. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. प्रकाशच्या आत्याला वाटलं की हे बाहेरचं आहे, तिने देवऋषी बघायला सुरुवात केली होती. आजी सगळ्यांना एकच सांगत होती, मोबाईलातल्या त्या बाईला आणा.

"तुमी आला न्हाईसा तर ती जाईल," प्रकाश म्हणाला. त्याच्या आवाजात विनवणी नव्हती. कामावरचा माणूस मशिनचं सांगतो तसं तो सांगत होता.

मी या धंद्यात बरेच विचित्र लोक पाहिलेत. सासूला घाबरवायला भागूच्या आवाजात निरोप रेकॉर्ड करून द्या, म्हणणारा एक जावई मी जिन्यावरूनच परत पाठवला होता. माझं काम काचेच्या आत संपतं, असं मी मानत आले. तरी त्या दिवशी मी जाते म्हणाले. दयेपोटी म्हणाले असं लिहायला आवडेल. खरं सांगायचं तर मला त्या सपाट रेघेचं उत्तर हवं होतं.

प्रकाश आणि मी गाडीने नेसरीला पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बाहेर गोठ्यात म्हशींची धार केव्हाच झालेली, अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या. प्रकाशच्या आईने पाणी आणलं, गुळाचा खडा दिला, पावण्यांना घरात कसं घ्यावं तसं सगळं केलं, पण माझ्याशी बोलताना तिची नजर माझ्या तोंडावर होती, डोळ्यांवर नव्हती. आत माजघरात खाटेवर शेवंताक्का. एवढीशी झालेली, हाडं आणि कातडी, पण हात मोठे. त्या हातांवरून ती कोण होती ते कळत होतं.

प्रकाशने सांगितलं की अक्का, त्या बाई आल्यात. तिने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. दार पुढे लोटलं गेलं. मग तिने माझं मनगट धरलं. नाडी बघतात तिथे बरोबर अंगठा ठेवला आणि म्हणाली, बोल.

मी माझ्या साध्या आवाजात नाव सांगितलं, प्रवास बरा झाला म्हणून सांगितलं. तिने मान हलवली. "तसं न्हवं. तिच्यागत बोल."

मी भागूच्या आवाजात म्हटलं, "आले बघ, अक्का."

अंगठा माझ्या नाडीवर जरासा दाबला गेला. बराच वेळ ती ऐकत राहिली, मी बोलायची थांबले तरी ऐकत होती. मग विचारलं, "काटा न्हवता, हे तुला कुणी सांगितलं?"

मी खरं ते सांगितलं. कागदावर नव्हतं, मला आठवतही नाही, तोंडातून आलं. तिने माझ्या आईचं नाव विचारलं, माहेर विचारलं, आजोळ विचारलं. माझं माहेर मंगळवार पेठेतलं, आजोळ मिरजेकडचं, आमच्या सात पिढ्यांत कुणी नेसरीचं नाही. ती निराश झाल्यासारखी वाटली. कुठला तरी धागा सापडेल अशी तिची आशा होती, आणि मला वाटतं माझीही होती.

मग तिने सांगितलं. ती तरुण असतानाची गोष्ट. शेजारच्या वाडीत एक माणूस होता. नाव तिने घेतलं नाही, मीही विचारलं नाही. बायकोला मारायचा. हात मोडला तेव्हा शेवंताक्काने बसवला, डोकं फुटलं तेव्हा हळद बांधली, पोटातलं मूल गेलं तेव्हा रात्रभर बसून राहिली. प्रत्येक वेळी त्या बाईला उभी करायची आणि परत त्याच घरात पाठवायची. एके दुपारी त्याला शेतातल्या खोपीत साप चावला. शेवंताक्काला बोलवायला दुसरं कुणी घरी नव्हतं, म्हणून ती बायकोच धावत आली. दोघी निघाल्या. बांधावर आल्यावर शेवंताक्का खाली बसली आणि तळपाय मांडीवर घेऊन काटा शोधायला लागली.

"तिसऱ्या कुणी बगितलं न्हाय. कुणाला बोलले न्हाय. नवऱ्याला न्हाय, देवाला न्हाय." मग म्हणाली, "तुझ्या गोष्टीत भागू एकटी हाय. मी एकटी न्हवते. ती बाई हुती की. फुडं उभी हुती, माझ्याकडं बगत."

मी विचारलं, ती काय म्हणाली.

"काय बी न्हाय. चल म्हणली न्हाय, रडली न्हाय. मी उठंस्तवर उभी हुती."

पोचेपर्यंत माणूस संपला होता. ती बाई पुढे माहेरी निघून गेली आणि परत कधी दिसली नाही. शेवंताक्काने त्यानंतरही उभं आयुष्य लोकांना औषध दिलं, बाळं काढली. रोज कुठल्या तरी दारात शिरताना तिला वाटायचं की आत ती बाई बसलेली असेल आणि एकदाचं काहीतरी बोलेल. चांगलं बोलेल की वाईट, ते तिला कळत नव्हतं. आणि मग नव्वदीच्या उंबऱ्यावर, डोळे गेल्यावर, मोबाईलमधून कुणीतरी बोललं.

खोलीत ऊन येत होतं, बाहेर कोंबड्या होत्या. या बाईला काहीतरी दिल्याशिवाय उठता येणार नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून मी शहाणपणा केला. म्हटलं, अक्का, आता डॉक्टर सांगतात की सापाच्या विषावर मुळीचा उपयोग होत नाही. दवाखान्यातलं इंजेक्शनच लागतं. तुम्ही पळत गेला असता तरी तो वाचला नसता. तुमच्या बसण्याने काही फरक पडला नाही.

माझ्या मनगटावरचा अंगठा ढिला झाला, मला वाटलं तिला बरं वाटलं.

"आनि माझ्या हातनं जगली ती?" तिने विचारलं. "ती बी माझ्यामुळं न्हाय व्हय? माझं पाप धुवाय माझं पुण्य घिऊन चाललीस व्हय, बाई?"

सापाच्या बाबतीत डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे, त्यात शंका नाही, आणि कुणाला साप चावला तर थेट दवाखान्यातच न्यावं. पण त्या खाटेशेजारी ते खरं माझ्या हातात धोंड्यासारखं राहिलं, कुठे ठेवावं कळेना.

मग तिनेच सांगितलं की तिला काय हवंय. मालिकेचा शेवट तिला नको होता. भागूचं पुढे काय होतं, हे तिने एकदाही विचारलं नाही. मला तो माहीत होता, कारण शेवटचा भाग माझ्या पिशवीत होता. त्यात भागू तापाने फणफणते आणि तिचीच शिष्या मुद्दाम उशिरा येते. हे विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, देव जाणे. तिला हवं होतं ते वेगळंच.

"त्या बाईच्या आवाजात बोल. ती काय म्हणली असती, ते बोल."

तिचा आवाज कसा होता, मला माहीत नव्हतं. तरी मी डोळे मिटले, कारण वाचायच्या आधी मी तसंच करते. मार खाऊन खाऊन दबलेला, तरुण, धावत आल्याने धाप लागलेला आवाज कसा असेल ते शोधलं. आणि म्हटलं, "बसा की, अक्का. निघू दे काटा."

शेवंताक्काचा चेहरा हलला नाही. आंधळे डोळे उघडे होते. बाहेर कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "न्हाय. ती असं म्हणली नसती. तू गोड बोललीस."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने माझं मनगट सोडलं आणि हात माझ्या हातावर थोपटला, लहान मुलाला थोपटतात तसा. "असू दे. आमी बी द्यायचो. औषध न्हाय गावलं की नुसतं गुळाचं पानी, मंतर म्हणून. लागू पडायचं कवा कवा."

आणि तिने सुनेला हाक मारून नाचणीची आंबील मागितली.

बाहेर आले तेव्हा प्रकाशने काय झालं विचारलं. मी म्हटलं, आजीला भूक लागलीय. यापेक्षा जास्त मी त्याला सांगितलं नाही, आणि इथेही माणसांची नि गावांची नावं बदलून ठेवलीत, कुणाला बोट दाखवता येऊ नये म्हणून. परतीच्या वाटेवर मी खिडकीची काच वर करून बसले. रस्त्याकडेच्या बांधांकडे बघवत नव्हतं.

शेवटचा भाग मी लिहिला होता तसा वाचला. गोष्ट मानसीची होती. भागू मेली आणि ऐकणारे खवळले, कंपनीला शिव्या घातल्या. मानसी हिरमुसली. तिला वाटलं होतं, लोकांना न्याय झालेला आवडेल. मी तिला म्हटलं, त्यांना न्याय नको होता गं, त्यांना भागू हवी होती. इरफानने त्या भागातले माझे सगळे श्वास शोधून शोधून कापले. सगळे जागच्या जागी होते, हे त्याने मला न विचारताच सांगितलं.

अधूनमधून प्रकाशचा फोन येतो. आजी जेवते, थोडं थोडं का होईना. मोबाईल तिला आता नको असतो. दुपारच्याला गल्लीतल्या बाया माजघरात येऊन बसतात आणि ती त्यांना गोष्ट सांगते, त्या बांधाची. तिच्या गोष्टीत वैदीण एकटी नसते. समोर दुसरी बाई उभी असते आणि ती शेवटपर्यंत काही बोलत नाही. बाया पदर तोंडाला लावून ऐकतात. उद्या परत सांगा, म्हणतात. एखादी धीट पोरगी हमखास विचारते की अक्का, हे खरं का हो.

आजी दरवेळी तेच सांगते, प्रकाश म्हणाला. "मोबाईलातली हाय की गं. खरी कशी असंल?"